दाराआडून भांडलेलं युद्ध

रुकैया,

आता मी भांडायचं कुणाशी, तेवढं तरी सांगून जायचं होतंस. परवा रियाधला, लेकीच्या घरी, टीव्ही लागला होता. टाय लावलेले एक गृहस्थ आखाताच्या सुरक्षेबद्दल गंभीर चेहऱ्यानं बोलत होते, आणि माझा हात सवयीनं फोनकडे गेला. तुला फोन लावायचा, तू सलाम करायच्या आत मी म्हणायचं, "हं, आता यावर काय म्हणणं आहे तुझं?" आणि मग इकडे माझा चहा गार व्हायचा, तिकडे तुझं कालवण करपायचं. इतकी वर्षं हेच चाललं. फोन हातात घेतला आणि मग आठवलं, की शुक्रवारी तू गेलीस. श्रीवर्धनजवळच्या तुझ्या गावी, झोपेत, कुणाला त्रास न देता. जिवंतपणी जिनं वादात कुणाला सोडलं नाही, तिनं जाताना एवढा समजूतदारपणा दाखवावा, याचाही मला रागच आला.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे. पण तुझ्याबद्दल नुसतं चांगलं बोलले तर तू तिथून ओरडशील, "शैले, लाज नाही वाटत गो खोटं बोलायला?" म्हणून खरं तेच लिहिते. तू हट्टी होतीस, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाहीस, आणि तुझी सांदणं इतकी मऊ व्हायची की त्यांच्यासाठी मी तुझे पुष्कळ अपमान गिळले.

सौदीतल्या यान्बूत आपण एकाच गल्लीत समोरासमोर राहायचो. आमचे सुधीर रिफायनरीत, तुझे हुसेनभाई बंदरावर, तेलाची जहाजं धक्क्याला बांधणाऱ्या लोकांत. मी मिरजेची, तू कोकणातली. एरवी या जन्मात आपली गाठ पडायचं काही कारण नव्हतं. त्या गल्लीत मराठी बोलणारी दोनच घरं, म्हणून पहिले काही दिवस आपण एकमेकींशी फार गोड वागलो. मग एकदा मी सहज म्हणाले की माझा भाऊ अमेरिकेत असतो, तिथे सगळं कसं कायद्यानं चालतं. "घरात चालत असेल," तू म्हणालीस. "आणि घराबाहेर?" राज्यशास्त्राची बी.ए. होतीस तू, आणि त्या बी.ए.चा उपयोग करायला त्या गावात तुला माझ्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. गोडवा तिथेच संपला. मैत्री बहुधा तिथूनच सुरू झाली.

तुझा तो सासूचा सिद्धांत! भाजी निवडता निवडता तू मला अख्खं जागतिक राजकारण शिकवायचीस. बड्या राष्ट्राचं धोरण म्हणजे एकत्र कुटुंबातली सासू, असं तुझं म्हणणं. कोठीच्या किल्ल्या कुठल्याच एका सुनेच्या कमरेला जाऊ नयेत, एवढंच तिला हवं असतं. कोठी म्हणजे तेल, हे सांगायला नकोच. आज थोरलीला जवळ घ्यायचं, थोरली डोईजड झाली की धाकटीच्या कानाला लागायचं. "आधी इराण लाडका होता," तू गवारीच्या शेंगेचा देठ मोडत म्हणायचीस, "इराण फिरला तेव्हा इराक बरा वाटायला लागला. उद्या इराक जड होईल, तेव्हा बघ."

"आणि सासू नसती," मी म्हणायची, "तर दोघी सुनांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या, त्याचं काय? तिच्या धाकानं घर तरी उभं राहिलं ना?"

"अगो, पण घर तिचं नाहीच मुळी!" हे तू इतक्या मोठ्यानं ओरडायचीस की हुसेनभाई आतून येऊन खिडकी लावून घ्यायचे. "हळू बोला. इकामा जाईल आपला, राहायचा परवाना जाईल," एवढंच ते म्हणायचे. बिचाऱ्यांना अमेरिकेची भीती नव्हती, इराकची नव्हती. तुझ्या आवाजाची होती.

पुरावा तुझ्या घरातच होता म्हणा. इराण आणि इराक लढत होते तेव्हा आखातातून जहाज नेणं म्हणजे जिवाशी खेळ होता, म्हणून इराकचं तेल वाळवंटातून मोठ्या नळानं थेट आपल्या लाल समुद्रावर आणलं होतं. हुसेनभाई रोज ते जाताना बघायचे. त्या वर्षांत अमेरिकेला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, उलट बरंच वाटलं असेल. आणि मग नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत गिळलं. इथल्या टीव्हीवर पहिले काही दिवस त्याबद्दल चकार शब्द नाही. आपण तुझ्या स्वयंपाकघरात शॉर्टवेव्ह रेडिओला कान लावून बसायचो. थोड्याच दिवसांत हुसेनभाई घरी येऊन म्हणाले, त्या नळाचं तेल बंद झालं. कालचा लाडका आज एकदम राक्षस ठरला. सिद्धांत इतका तंतोतंत खरा ठरलेला आणि मी समोर बसलेली. एरवी तू मला फाडून खाल्लं असतंस. तू एक शब्द बोलली नाहीस. कारण सलीम कुवेतमध्ये होता.

सलीम तुझा धाकटा भाऊ, पण ते नुसतं नात्यापुरतं. तुमची आई तो रांगत होता तेव्हा गेली. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून पासपोर्ट काढून देण्यापर्यंत सगळं तू केलंस. तुला मूल झालं नाही, आणि ते तुला फारसं कधी टोचलं नाही, कारण तुझ्या मते तुला एक होतंच. तो कुवेतला विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होता. दर वर्षी मक्केला उमरा करून तुझ्याकडे यायचा, आठवडाभर जेवून जाड होऊन परत जायचा. आता तिकडचे फोन बंद. पत्र नाही. तिकडची आपली माणसं जॉर्डनमार्गे मुंबईला पोहोचताहेत एवढं कळत होतं, आणि त्या माणसांत सलीम नव्हता.

फोन आमच्याच घरी होता. एका दुपारी तुझ्या मामांनी श्रीवर्धनहून लावला, आणि मी तुला हाक मारून आणलं. म्हसळ्याचा कुणीतरी कुवेतहून सुटून आला होता. सलीम त्याला भेटला होता. सलीमच्या कफीलाची, दुकानाच्या मालकाची, म्हातारी आई तिथल्या घरात एकटीच अडकली होती. चालता येत नव्हतं तिला. मुलगा, सून, नातवंडं उन्हाळ्याची सुट्टी घालवायला बाहेर गेली होती ती बाहेरच राहिली. सगळे निघाले तेव्हा सलीम म्हणाला, "म्हातारीला टाकून कसा येऊ?" आणि राहिला.

फोन ठेवून तू भिंतीला टेकून उभी राहिलीस. "गाढव आहे," म्हणालीस. "मीच गाढव वाढवलं." मग पदर तोंडात कोंबून रडलीस. मी तुला तसं कधी पाहिलं नव्हतं. मला सुचलं ते बोलले, की अमेरिकेनं फौज आणली आहे, ती कुवेत सोडवेल, सलीम सुटेल. तू डोळे पुसून माझ्याकडे बघितलंस. "सोडवतील म्हणजे काय करतील, शैले? बॉम्ब टाकतील. ते काय सलीमचं घर चुकवून टाकणार आहेत?" तेव्हापासून आपल्या भांडणाचा खेळ संपला. मी म्हणत होते लढाई व्हावी म्हणजे तो सुटेल. तू म्हणत होतीस लढाई होऊ नये म्हणजे तो वाचेल. दोघींना हवा होता तो एकच मुलगा.

आणि मग तो कफील आला. अबू नासर. जिद्दाला त्याला सरकारनं राहायला जागा दिली होती, तिथून गाडी चालवत खजुराचा डबा घेऊन यान्बूला आला. सलीमची बहीण इथे राहते हे त्याला उमऱ्यामुळे माहीत होतं. पांढरा शुभ्र पायघोळ थोब, दाढी विस्कटलेली, डोळे लाल. आपण दोघी रीतीप्रमाणे आतल्या खोलीत, तो आणि हुसेनभाई बाहेर बैठकीत, मध्ये अर्धवट लोटलेलं दार. त्याला काहीच बातमी नव्हती. आई जिवंत आहे की नाही, हेही नाही. त्याला वाटलं होतं सलीम कधीचाच गावी पोहोचला असेल आणि आईचं शेवटचं काय झालं ते त्याच्याकडून कळेल. हुसेनभाईंनी त्याला म्हसळ्याच्या माणसाचा निरोप सांगितला.  बाहेरून हुंदका ऐकू आला. एवढा मोठा दुकानदार, त्याला त्याच्या आईची खबर म्हसळ्याहून आली!

तो मग वरचेवर यायला लागला. गुरुवारी दुपारी आला की तू चहा करायचीस, मी ट्रे दाराच्या फटीतून सरकवायची, आणि तुझं सुरू व्हायचं. परक्या पुरुषाशी थेट बोलायचं नाही, म्हणून तू नवऱ्याला सांगायचीस आणि नवऱ्यानं पाहुण्याला अरबीत सांगायचं. अबू नासर म्हणायचा, अमेरिका न्यायासाठी आली आहे. तू आतून आपल्या मराठीत म्हणायचीस, "त्यांना सांगा, काल त्याच माणसाच्या पाठीवर हात फिरवला तेव्हा न्याय कुठे गेला होता? मतलबी आहेत सगळे. तेलासाठी आलेत. तेल संपलं की तुमचं नावसुद्धा विसरतील." आणि हुसेनभाई घसा खाकरून अरबीत सांगायचे, "ती म्हणते, अल्ला तुमच्या आईला आयुष्य देवो." अगं, मी दाराआड तोंडात ओढणी कोंबून हसायची! तू बोलायचीस दहा वाक्यं, तिकडे पोहोचायचे आशीर्वाद. पाहुण्याच्या तोंडावर त्याची चूक काढायची नाही आणि इकामाही घालवायचा नाही, म्हणून हुसेनभाईंनी ही वाट काढली होती. असे आठवडे गेले.

एकदा तू जरा जास्तच बोललीस. "त्यांना विचारा, उद्या हीच विमानं येऊन त्यांच्या आईच्या छपरावर बॉम्ब टाकतील तेव्हाही म्हणणार का न्याय?" हुसेनभाईंनी सांगितलं, "ती विचारते, चहात अजून साखर हवी का." आणि बाहेरून स्पष्ट हिंदी आलं. मुंबईचं हिंदी. "बहनजी, शक्कर बस. बाकी सब समझता है मैं."

उलगडा नंतर झाला. त्याच्या वडिलांची मुंबईत पेढी होती. कुवेतचे जुने व्यापारी तेलाच्या आधी मुंबईवरच जगायचे, हे तूच मला कितीदा शिकवलं होतंस, आणि नेमकं तेच तू विसरलीस. त्याचं लहानपण मोहम्मद अली रोडच्या मागच्या गल्लीत, कोकणातल्या खलाशांच्या पोरांत गेलं होतं. इतके आठवडे तो तुझा शब्दन् शब्द ऐकत होता आणि हुसेनभाईंची अब्रू राखायला त्यांचं भाषांतर खरं मानून मान हलवत होता. हुसेनभाईंचा चेहरा मला दिसला नाही, पण कपबशीचा आवाज आला तेवढ्यावरून कळलं.

मला वाटलं आता तो उठून जाणार. तो म्हणाला, आणि ते हिंदी मला अजून ऐकू येतं, की बहनजी, मलाही माहीत आहे ते तेलासाठी आलेत. मी काय दूधपिता बच्चा आहे? पण माझ्याकडे त्यांना बोलवायला तेल तरी आहे. माझी आई आत अडकली आहे. तुमच्याकडे कुणी असेल, जो तेलाशिवाय येईल, तर त्याचं नाव सांगा, मी आत्ता त्याच्या पाया पडतो.

 तू दाराजवळ सरकलीस. मग हळूच म्हणालीस, आणि या वेळी थेट त्यालाच, "भाईसाब, ज्याच्याकडे तेल नाही, त्यानं कुणाला बोलवायचं?" तो म्हणाला, "ये मुझे नहीं मालूम."  मी नवा चहा टाकला, कारण मला दुसरं काही सुचेना.

त्यानंतर तुम्ही दाराआडूनच, पण थेट बोलायला लागलात. हुसेनभाई सुटले. तो म्हणायचा व्हावं युद्ध, तू म्हणायचीस होऊ नये, आणि जाताना तो न चुकता म्हणायचा, "सलीम के लिए दुआ करो, मैं अम्मी के लिए करता हूँ." तू म्हणायचीस, "दोघांसाठी एकच पुरेल, एकाच घरात आहेत."

जानेवारीत सकाळी रेडिओनं सांगितलं, सुरू झालं. मी म्हणाले, "चला, सुटला एकदाचा प्रश्न." मी म्हणाले, आणि आजही म्हणेन, तो अधांतरी काळ माझ्यानं सोसवत नव्हता. तू रेडिओ बंद केलास. "शैला, तू घरी जा," म्हणालीस. शैले नाही, शैला. मी आले.

पुढचे ते सगळे आठवडे आपण बोललो नाही. समोरासमोर दारं, आणि एक शब्द नाही! रियाधवर, दहरानवर क्षेपणास्त्रं पडत होती. आपल्याकडे पोहोचली नाहीत, पण कंपनीनं मास्क वाटले होते, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. सुधीर म्हणत होते मला आणि पोरीला मिरजेला पाठवतो. मी गेले नाही. कारण विचारलं तर मी सांगायची की तिकिटं मिळत नाहीत. खरं कारण तू होतीस. तुझी बातमी यायची ती माझ्या फोनवर यायची होती. मी गेले असते तर तो उचलला कुणी असता? सुधीर दिवसभर प्लांटवर. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

पुन्हा हुसेनभाईंच्या गळ्यात तेच काम पडलं. "ती म्हणते, तुमच्या खिडकीची पट्टी वरून सुटली आहे." "तिला सांगा, स्वतःच्या खिडक्या बघ." दुसऱ्या दिवशी मी ती पट्टी लावली, आणि तुझ्याकडून झाकलेल्या ताटलीत सांदणं आली. मी ताटली रिकामी पाठवली नाही, थालीपीठ पाठवलं. भांडण चालूच होतं, पण पोट तरी काय करणार?

युद्धाच्या मध्यावर अबू नासर एकदा आला होता. मी खिडकीतून त्याला बघितलं, आत आले नाही. तो काय म्हणाला ते तू मला पुष्कळ नंतर सांगितलंस. तो म्हणाला, मीच त्यांना या म्हणत होतो, आणि आता प्रत्येक बातमीला हात जोडतो की माझ्या गल्लीत काही पडू नये. मी विचारलं, तू त्याला म्हणालीस ना, की बघा, मी सांगत होते? मला वाटलं होतं तू म्हणाली असशील. तू म्हणालीस, "नाही गो. मी ह्यांना त्याला जेवायला वाढायला सांगितलं. दिवसभर उपाशी होता." तुझ्याबद्दल मला जर एकच गोष्ट लिहायची असती ना, तर मी हीच लिहिली असती.

मग एकदाचं थांबलं. कुवेत सुटलं. आणि खरा जीवघेणा काळ तेव्हा सुरू झाला, कारण आता बातमी यायला काही अडचण नव्हती आणि बातमी येत नव्हती. तेलाच्या विहिरी जळत होत्या, तिकडे भर दुपारी आकाश काळं होतं असं सांगत होते. परवानगी मिळताक्षणी अबू नासर तिकडे गेला. तू तुझ्या दारात खुर्ची टाकून बसायचीस, तोंड माझ्या दाराकडे. मी माझ्या घरात फोनजवळ बसून मटार सोलायची. सोलायला मटार नसले तरी बसायची.

एका दुपारी वरण-भात झाला होता. फोन वाजला. आवाज इतका खरखरीत की आधी कळेच ना. मग तेच हिंदी. "दोनों हैं, भाभीजी. दोनों ज़िंदा हैं. लो, बात करो." आणि मग सलीम. "वहिनी, आपाला सांगा, मी बारीक झालोय पण बरा आहे." मी रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला आणि धावले. अबाया नाही, ओढणी नाही, पायात एकच चप्पल. गल्लीतला भाजीवाला "या मदाम!" करून ओरडला. तू मला येताना बघितलंस आणि उठायच्या ऐवजी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलीस. तुला वाटलं, अशी उघड्या डोक्यानं धावत येते म्हणजे वाईटच.

"आहे!" मी ओरडले. "अगं, आहे तो! म्हातारीपण आहे! ऊठ ना, फोनवर आहे!"

तू उठलीस ती मला घेऊन खालीच बसलीस. आपण दोघी त्या उंबऱ्यावर गळ्यात गळा घालून असं रडलो की हुसेनभाईंना वाटलं संपलं सगळं. तू फोनपर्यंत पोहोचलीस तेव्हा लाइन कट झाली होती. तरी तू रिसीव्हर कानाला लावून "हां, हां, जेव हां नीट" असं बोलत राहिलीस. मी तुला सांगितलं नाही की कट झालंय. तुलाही माहीत होतं.

मग डोळे पुसून माझ्याकडे वळलीस. "आता म्हण, अमेरिकेचे आभार मान."

"मी कुठे काय म्हटलं?"

"मनात म्हटलंस."

"म्हटलं. मग?"

"मग काय? मानते. एक दिवस मानते. उद्यापासून पुन्हा विचारणार, जातात कधी ते." आणि हसलीस. किती दिवसांनी हसलीस.

पुढे तू विचारतच राहिलीस. ते लवकर गेले नाहीत, आणि पुन्हा आले, आणि तुझा फोन यायचा, "शैले, किल्ल्या बघितल्यास?" त्या दुसऱ्या वेळच्या लढाईत मीही सासूची बाजू घेतली नाही, हे तू मान्य करशील. पण पहिल्या वेळचं माझं म्हणणं मी सोडलं नाही. बडं राष्ट्र स्वतःच्या हिशेबानं येतं, हे तू मला शिकवलंस. त्याच्या हिशेबात कधीकधी आपलंही माणूस वाचून जातं, हे मी तुला सांगत राहिले. तू म्हणायचीस, वाचून जातं आणि वाचवतात यात फरक आहे. आहे, बाई. मान्य. आता तरी खूष?

एक मात्र बोलायचं राहिलं. अबू नासरला तू जे विचारलं होतंस, ज्याच्याकडे तेल नाही त्यानं कुणाला बोलवायचं, त्याचं उत्तर मला वाटतं तुझ्याच घरात होतं. त्या म्हातारीनं कुणाला बोलावलं नव्हतं. तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. सलीम तिला पाठीवर घेऊन तळघरात न्यायचा, पाणी भरायचा, पीठ मिळेल तशा भाकऱ्या थापायचा. त्या तू शिकवल्या होत्यास. कुठल्या देशाच्या धोरणात हे बसतं, सांग? हे मी तुला म्हणायला हवं होतं. पण आपण दोघी आयुष्यभर बड्या लोकांबद्दल भांडण्यात इतक्या गुंतलो की जवळचं बोलायचं राहूनच गेलं. तुझी आठवण आली की आजकाल मला दुःखाच्या आधी हे आठवतं आणि बरं वाटतं. जगात असं होतं, आणि आपण ते डोळ्यांनी बघितलं.

काल सलीमचा फोन आला. साठी उलटली त्याची, आवाज अजून तसाच. म्हणाला, बाईमाणसाला कबरीत उतरवायला सख्खं माणूस लागतं आमच्यात, आणि हुसेनभाई गेल्यावर आपाला माझ्याशिवाय होतं कोण. गुडघे दुखतात माझे, पोरं म्हणाली तुम्ही राहू द्या, पण मी उतरलो. मीच हात लावला, मीच ठेवलं, तोंड मक्केकडे, किब्ल्याला, मीच केलं. एवढं सांगितलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "वहिनी, आपा माझ्याआधी जायला नको होती."

मी त्याला रागावले, रुकैया. चांगली रागावले. म्हटलं, गप बस, गाढवा. थोरल्या बहिणीनं आधी जावं आणि धाकट्या भावानं तिला मूठमाती द्यावी, एवढंच तर मागत होतो आम्ही दोघी त्या वर्षी. एवढ्यासाठीच भांडत होतो.